नववा खंड, जुनी प्रत

सेरेंगमध्ये माझं दुकान, नदीपासून दोन गल्ल्या आत.
जुनी कॉमिक्स विकते मी. म्हणजे आठवड्याला
चार-दोन विकली जातात, बाकीची पुसते.
ड्रॅगन, जादूगार, तलवारी, यांत माझा जीव कधी रमला नाही.
हे गिऱ्हाइकांना सांगायचं नसतं.

गिस्लेन थ्यूनिसला मात्र पहिल्याच दिवशी कळलं.
‘वाचणारा माणूस पुस्तक असं मांजरासारखं
मानगुटीला धरून उचलत नाही,’ म्हणाला,
आणि माल्ग्रेनचे खंड स्वतःच क्रमाने लावून दिले.

लोखंडाच्या भट्टीवर एकतीस वर्षं.
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेला.
बुधवारी बाजार उरकला की यायचा,
मुळ्यांची जुडी काउंटरवर टाकायचा, आणि सुरू:
राणीने तह का केला,
बुटक्या सुभेदाराने दगा दिला की दिल्यासारखं केलं,
उत्तरेची खिंड चौथ्या खंडात डावीकडे
अन् सहाव्यात उजवीकडे कशी गेली.
घरच्या भाऊबंदकीचंही कुणी इतकं मनाला लावून घेत नाही.

पण खरा वाद आगीचा.
‘लाल!’ चौकटीवर टिचकी मारायचा.
‘लाल आणि पिवळी. शेकोटी आहे ही. बटाटे भाजावेत हिच्यावर.
एका फुंकरीत किल्ल्याचं दार वितळवतो ना हा?
मग आग पांढरी हवी. कडेला जराशी निळी.
आणि तिच्यासमोर माणूस असा आ वासून उभा राहत नाही.
डोळे बारीक होतात, ओठ आवळले जातात.
भुवया सगळ्यात आधी जातात.’

चित्रकाराला लिहिलं त्याने. एकदा नाही, सहा वेळा.
‘अक्षर वाकडं आहे, कारण’ एवढं लिहून
कारणाच्या जागी पंजाच ठेवला कागदावर
आणि कडेने पेन्सिल फिरवली.
उत्तर नाही. आठवा खंड आला, आग लालच.
महिनाभर फिरकला नाही. ड्रॅगनवर रुसला होता.

भट्टी सुरुंग लावून पाडली
तेव्हा अख्खं गाव पुलावर जमलेलं.
हा माझ्या स्टुलावर, मांडीवर तिसरा खंड.
धडाका झाला. काचा थरथरल्या.
वरच्या फळीवरची धूळ त्याच्या टोपीवर उतरली.
त्याने पान उलटलं.
‘इथे माल्ग्रेन पहिल्यांदा झोपतो,’ म्हणाला. ‘हळू बोल.’
मी बोलतच नव्हते.

त्या हिवाळ्यात नववा खंड निघाला.
त्याने घेतला. पुढच्या बुधवारी आणखी एक.
मग कुणाच्या तरी माळ्यावरून जुनी प्रत आली,
कॉफीचा डाग, शिवण उसवलेली. तीही.
‘एक वाचायला, एक ठेवायला.’
‘आणि ही?’
‘कुणी मागितलीच तर.’
त्याच्याकडे मागणारं कुणी नव्हतं. मी पैसे मोजून घेतले.

आज चौथी प्रत आली, दोन वर्षांनी.
शटर ओढलं, दिवा जवळ घेतला
आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचायला बसले.
खरं सांगते, कंटाळले. नावंच फार.
मग बेचाळिसावं पान.

आग पांढरी.
कागद कोराच सोडलाय,
जणू शाईला पुढे यायचा धीर झाला नाही.
कडेला निळी धग. माझेच डोळे बारीक झाले.
आणि खाली कोपऱ्यात, पळत्या लोहारांच्या घोळक्यात,
न पळणारा एकजण.
ओठ आवळलेले. भुवया नाहीत.
उन्हाला धरावा तसा हात कपाळाशी,
तीन बोटांचा.

दोन वर्षं. दर बुधवारी मुळे, तह, सुभेदार, खिंड.
या पानाबद्दल एक अक्षर बोलला नाही मेला!

उद्या येईल. विचारेल, नववा आला का कुठे.
नाही म्हणेन.
ही प्रत मी विकणार नाही.
आता पहिला खंड घेऊन झोपायला चालले आहे,
नावं एका पाकिटाच्या पाठीवर उतरवत.
राणीने तह का केला, ते मला समजायला हवं.